सहा माणसांचं पीठ

माझ्या दारावरच्या पाटीवर तीन ओळी आहेत. पहिलीत माझं नाव आणि नावापुढं बी.ए. दुसरीत ‘डोसा, आंबोळी व घावनाचे ओले पीठ मिळेल.’ तिसरीत ‘डबा घेऊन येणे.’ पाटी रंगवणाऱ्यानं तेव्हाच विचारलं होतं, ‘‘दत्ताभाऊ, पिठाला बी.ए. कशाला पायजे?’’

‘‘पिठाला नको, मला पायजे. तू रंगव.’’

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील मार्केट यार्डात हमाल. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर वाहून त्यांनी मला शिकवलं. निकालाच्या दिवशी त्यांनी माझी मार्कलिस्ट उलटी धरून नीट बघितली आणि म्हणाले, ‘‘चांगलं हाय.’’ त्यामुळं पाटीवरचं बी.ए. राहणार. मंगळवार पेठेत मला अजूनही ‘बी.ए. पीठवाला’ म्हणतात. म्हणणारा हसतो, मीही हसतो, दोघं वेगवेगळ्या कारणानं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला शिरोळचा एक केटरर माझा दगडी ग्राइंडर बघायला आला. लग्नाच्या जेवणावळी करणारा माणूस, हात लावून दगड तपासला, पट्टा ओढून बघितला आणि म्हणाला, ‘‘मालक, हा मला द्या. तुमच्याकडं नुसता बसून हाय.’’

‘‘बसून न्हाय. रोज चालतो.’’

‘‘किती डबं येत्यात?’’

‘‘एक.’’

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. एवढंच म्हणाला, ‘‘एका डब्यासाठी एवढा दगड फिरवताय?’’

‘‘तो डबा यायचा बंद झाला की घेऊन जा पावणं. तोवर न्हाय.’’

तो एक डबा मेहरूनचाचीचा. सहा माणसांचं पीठ मावेल एवढा, स्टीलचा, कडी असलेला. झाकणावर ‘शौकत व मेहरून’ असं नाव टोचून घातलेलं. त्या डब्यापायी मी ग्राइंडर अडवून धरला होता. दुखऱ्या खांद्यानं दगड उचलत होतो, धुवत होतो, परत बसवत होतो. ते शहाणपण होतं की वेडेपणा, हे मला पुढं श्रावणात कळलं. पण त्याआधी धंदा काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर एका डब्याचं एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल.

आई माझी चंदगडकडची. तिकडं पाऊस असा, की कपडे वाळवायचे म्हणजे चुलीवर धरायचे. सकाळी आंबोळी, तिच्यासोबत काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर काकवी. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा माहेरून रगडा घेऊन आली. मधे खड्डा असलेला दगड आणि त्यात फिरवायचा गुंड. वडिलांच्या हमालीत भागेना, तेव्हा तिनं शेजारपाजारच्यांना पीठ वाटून द्यायला सुरुवात केली. मी बी.ए. झालो, अर्थशास्त्र घेऊन. नोकरीचे अर्ज टाकत होतो. तोवर रिकामा बसण्यापेक्षा आईला मदत म्हणून रगड्याला बसलो. नोकरी लागेपर्यंत, असं ठरलं होतं. बसलो तो उठलोच नाही, पुढं फक्त रगड्याच्या जागी विजेचा ग्राइंडर आला.

मुलगी बघायला जायचो तेव्हा मुलीचा बाप विचारायचा, ‘‘पोरगा करतो काय?’’ मध्यस्थ म्हणायचा, ‘‘बी.ए. झालाय.’’ ‘‘ते झालं हो. करतो काय?’’ इथं पोह्याची बशी खाली ठेवायची वेळ यायची. थोड्या ठिकाणी बशा ठेवल्या, मग बघायला जाणंच सोडलं. वडलांमागं आई होती तोवर घरात दोघं होतो. तिच्यामागं मी आणि ग्राइंडर.

पीठ करणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पिशवी फोडून पीठ येतं त्यांच्यासाठी सांगतो. तांदूळ जुना हवा. नवा तांदूळ चिकट, तव्याला बिलगतो, उलथनं घालून भांडावं लागतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ आणि थोडी मेथी. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भिजवायचे, वेगवेगळे वाटायचे. डाळ वाटताना पाणी जरा जरा घालायचं, घाई नाही. झाली की नाही हे बघायचं तर वाटीभर पाण्यात पिठाचा एक थेंब सोडायचा. तरंगला तर झाली, बुडाला तर अजून फिरू दे. तांदूळ मात्र गंधासारखा करायचा नाही. बोटांत रवा लागला पाहिजे, तरच डोसा कुरकुरीत होतो. मग दोन्ही एका पातेल्यात घेऊन हातानं कालवायचं. पळीनं नाही. हाताची ऊब पिठाला लागते, आणि पीठ सैल आहे की घट्ट हे हाताला कळतं, पळीला काय कळणार? उन्हाळ्यात दगड तापतो, तेव्हा बर्फाचं पाणी. थंडीत कोमट. घावनाचं सगळं निराळं. त्याला आंबवणं नाही, पीठ ताकासारखं पातळ, तवा चांगला तापवून कडेकडेनं ओतत मधे यायचं. जाळी पडली तर तुम्ही शिकला, नाही पडली तर दुसरं ओता.

आणि एक गोष्ट या धंद्यात आल्यावरच कळते. थोडं पीठ नीट आंबत नाही. पातेलंभर असलं की ते आपली ऊब आपल्यात धरून ठेवतं. वाटीभर असलं की गार पडून बसतं, पावसाळ्यात तर हमखास. म्हणून एका माणसाचं पीठ मी कधी कुणाला दिलं नाही.

हो, माझ्याकडं पीठ माणसांवर मिळायचं. किलोवर नाही. ही आईची पद्धत. बाया यायच्या, डबा पुढं करायच्या आणि सांगायच्या, ‘‘चार माणसांचं द्या,’’ ‘‘आज पावणं हायत, आठ करा.’’ मी त्या मापानं भरायचो. त्यामुळं पेठेतल्या घराघरात संध्याकाळी किती माणसं आहेत हे मला ठाऊक असायचं. पोरगी सासरी गेली की आकडा एकानं उतरायचा. बाळंतपणाला आली की चढायचा. भावाभावांचं वाजलं की एका घराचे दोन डबे यायचे, आणि दोन्ही सुना एकमेकींकडं न बघता ओळीत उभ्या राहायच्या. मी कुणाला काही विचारत नसे. डबा भरायचा, झाकण लावायचं.

एकदा बँकेत बदली होऊन आलेला एक तरुण आला. ‘‘एकाचं द्या.’’

‘‘एकाचं मिळत न्हाय. कमीत कमी दोघांचं.’’

‘‘मग दुसरा कुठून आणू?’’

‘‘ते तुमचं तुम्ही बघा.’’

पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘आता द्या दोघांचं. खरोखरचे दोघं आहोत.’’ त्या दिवशी मी त्याला चौघांचं दिलं. मी स्वतः रोज माझ्यासाठी दोघांचं ठेवायचो. पहिल्या दिवशी डोसे, दुसऱ्या दिवशी उत्तप्पा, तिसऱ्या दिवशी जे आंबट होईल त्यात कांदा-मिरची ढकलून धिरडी. दुसऱ्या माणसाचं पीठ असं मीच संपवायचो.

आमच्या धंद्यात भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी डबा अर्धाच भरतो. ताजं वाटलेलं पीठ रात्रीत फुगून दुप्पट होतं, त्याला वर यायला जागा लागते. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास म्हणणार, ‘‘अर्धाच? बाकीचं कुणाला ठेवलंय?’’ तालमीतला एक पैलवान असाच अडून बसला. मान माझ्या मांडीएवढी. म्हणाला, ‘‘बी.ए., डबा माझा हाय. गळ्यापर्यंत भर.’’ मी समजावलं. ऐकेना. म्हटलं, तुझा डबा, तुझं घर. भरला. त्यानं नेऊन फ्रीजच्या वर ठेवला, आणि फ्रीजला लागून भिंतीवर त्याच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. सकाळी झाकण बाजूला, आणि सासरे नखशिखांत पांढरे. हा गडी माझ्या दारात आला तो रागानं नव्हे, घाबरून. आवाज खाली आणून विचारतो, ‘‘दत्ताभाऊ, त्यात काय जित्तं असतंय काय?’’

‘‘असतंय.’’

‘‘आरं बाबा! मग आदी सांगायचं न्हाय व्हय?’’

त्यानंतर तो डबा न्यायला आला की दोन्ही हातांत धरून, देवाचा टाक न्यावा तसा न्यायचा.

दुसऱ्या एक अक्का होत्या. जैन घरातल्या, माहेर शिरोळकडचं, त्यामुळं बोलण्यात कानडी मिसळलेलं. व्रताच्या दिवसांत रात्र ओलांडलेलं काही खायच्या नाहीत आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. आता डोशाचं पीठ म्हणजे रात्रभर ठेवायचीच वस्तू. अक्कांना डोसा तर फार आवडायचा. मी डोकं चालवलं. पहाटे भिजवलं, दुपारच्या आत वाटलं, आणि लवकर फुगावं म्हणून दोन पळ्या आंबट ताक घातलं. अक्का आल्या तेव्हा ऐटीत डबा पुढं केला. अक्कांनी वास घेतला.

‘‘ताक घातलायस व्हय यात?’’

‘‘व्हय अक्का. लवकर वर येतं.’’

‘‘उडदात कच्चं ताक?’’ त्यांनी डबा हातभर लांब धरला. ‘‘अय्यो, डाळ आन् ताक एका जागी आमाला चालत न्हाय रं. घे परत.’’

‘‘मग फुगवू कशानं?’’

‘‘मला काय ठावं? बी.ए. तू हायस.’’

शेवटी चैत्रातल्या उन्हानं तोडगा काढला. पत्र्यावर डबा ठेवला, तिसऱ्या प्रहरी पीठ वर आलं. अक्कांनी दिवसाउजेडी डोसे खाल्ले आणि एक माझ्यासाठी पाठवला. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा त्यांना घावनाचं पीठ. त्या म्हणायच्या, ‘‘घावन बी वाईट न्हाय,’’ म्हणजे किती वाईट आहे ते मला कळायचं. एका संध्याकाळी त्यांची सून आली आणि ‘पाच’च्या जागी ‘चार’ म्हणाली. मी चारचं भरलं. डबा देताना तिनं डोळ्याला पदर लावला, मी आत जाऊन उगाच नळ सोडला.

मेहरूनचाची तेव्हा आमच्याच गल्लीत राहायची. नवरा शौकतभाई टेलर, दोन मुलगे, दोन सुना. शौकतभाई गेले तेव्हा आकडा पाचावर आला, पुढं नातू डोसा खायला लागला आणि तो पुन्हा सहावर गेला. पहिल्यांदा डबा घेऊन आली तेव्हा सगळ्यांसारखीच भांडली. झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, ‘‘अर्धाच भरलायस की रं!’’ मी कारण सांगितलं. तिला पटलं. पण दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. मग ते ठरूनच गेलं. मी विचारायचं, ‘‘किती?’’ तिनं म्हणायचं, ‘‘सहा माणसांचं.’’ मी भरून द्यायचं, तिनं झाकण उघडायचं आणि म्हणायचं, ‘‘अर्धाच भरलायस की रं!’’ यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी एखाद्या दिवशी ती म्हणायची विसरली तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

एका महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, पण वीज गेली आणि नळ कोरडे. नदीकाठची माणसं जवळच्या मंगल कार्यालयात आणून ठेवलेली. तिथनं निरोप आला, नाष्ट्याला पीठ मिळंल काय? टँकरचं पाणी मिळालं, पण ग्राइंडर बंद. आईचा रगडा माळ्यावरून काढला. तोवर माझी सवय मोडलेली, जरा वेळानं गुंड सोडून खांदा चोळत बसलो. चाची दारातून बघत होती. बाह्या वर केल्या आणि आत आली.

‘‘बी.ए.ला जमंना व्हय? सरक तिकडं.’’

ती एका बाजूला, मी एका बाजूला, गुंडाची दांडी दोघांच्या हातांत. दिवसभर वाटलं. शौकतभाई मापं चुकीची घ्यायचे आणि गिऱ्हाईकच जाड झालं म्हणून सांगायचे, हे तिनं तेव्हा सांगितलं. मी आईच्या गोष्टी सांगितल्या. आई गेल्यानंतर माझ्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. पूर ओसरला, वीज आली. पण त्या दिवसापासून चाची डबा भरून झाल्यावर लगेच जाईना. पायरीवर बसायची, चहा प्यायची, पेठेतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची आणि अंधार पडायच्या आत उठायची.

पुढं तिच्या मुलांनी रंकाळ्याच्या पलीकडं फ्लॅट घेतला. गल्लीतलं घर सुटलं. मला वाटलं, आता डबा गेला. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही सिटी बसमधून उतरून दारात हजर. ‘‘तिकडं पीठ मिळत न्हाय काय?’’ मी विचारलं. ‘‘मिळतंय की. चुन्यासारखं लागतंय,’’ ती म्हणाली आणि डबा पुढं केला. किती, मी विचारलं. सहा माणसांचं.

तोवर बाकीचे डबे कमी व्हायला लागले होते. घरोघरी मिक्सर होतेच, मग दुकानात पिशव्या आल्या. पैलवान शेतावर राहायला गेला. अक्कांची सून एकदा रस्त्यात भेटली, लाजून म्हणाली, ‘‘वेळ मिळत न्हाय ओ, पिशवीच आणतो आता.’’ मी म्हटलं, ‘‘चांगलं असतं तेही.’’ नसतं. पण भांडायचं कुणाशी? एकेक करून सगळे गेले आणि चाचीचा डबा तेवढा राहिला. मोठ्या ग्राइंडरला थोडं धान्य घातलं तर ते कडेला उडून बसतं, वाटतच नाही. म्हणून तिच्या सहा माणसांसाठी मी दहा माणसांचं वाटायचो आणि उरलेलं आपण खायचो, नाहीतर गल्लीत वाटायचो. शिरोळचा केटरर आठवड्याला फोन करायचा. ‘‘आला काय डबा?’’ ‘‘आला.’’ ‘‘बरं, ऱ्हाऊ दे.’’

श्रावणात एक संध्याकाळ चाची आली नाही. पाऊस होता, म्हटलं पावसामुळं. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. फोन वाजून वाजून बंद झाला. तिचे डबे दोन, एक तिच्याकडं तर एक माझ्याकडं, अशी आमची रीत. माझ्याकडचा मी भरूनच ठेवला होता, सकाळपर्यंत पीठ फुगून काठाला आलं. सहा माणसांचा नाष्टा माझ्या ओट्यावर पडून, हे काही मला बघवेना. पिशवीत डबा घातला, मांडीवर धरून सिटी बसमध्ये बसलो. इतकी वर्षं माझं पीठ लोकांच्या घरी जात होतं, मी कधी कुणाच्या घरी गेलो नव्हतो. पत्ता विचारत विचारत बिल्डिंग सापडली.

फाटकाशी वॉचमनची बायको भांडी घासत होती. तिनं मला बघितलं नाही, पिशवीतल्या डब्याची कडी बघितली. हात पदराला पुसत उठली.

‘‘आज तुमी आणलं व्हय? द्या इकडं.’’ आणि डबा हातातून घेतलासुद्धा.

‘‘अहो बाई, हे मेहरूनचाचीचं हाय.’’

‘‘व्हय की. त्या आमालाच देत्यात रोज. पाय मुरगाळलाय त्यांचा, दोन दिवस खाली न्हाईत आल्या.’’

‘‘रोज? आणि त्या काय खातात मग?’’

‘‘त्यांना कुठं चालतंय? साखर हाय न्हवं. डागदरनं तांदूळ बंद केलाय, लई दिस झालं.’’ तिनं झाकण उघडून बघितलं. ‘‘झ्याक फुगलंय बघा. तुमीच व्हय ते बी.ए.?’’

मी होय म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणताना आवाज बारीक आला.

वर गेलो. दार नुसतं लोटलेलं. चाची पलंगावर, पायाला पट्टी, भिंतीला शौकतभाईंचं शिलाई मशीन चादर घालून ठेवलेलं. खोलीत दुसरं माणूस नाही. दुसऱ्या माणसाची चप्पल नाही. तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं. पिशवी रिकामी.

‘‘खाली दिलास,’’ ती म्हणाली.

‘‘माणसं कुठं हायत चाची? सहा माणसं?’’

‘‘थोरला मस्कतला, बायकापोरं घेऊन. धाकटा पुण्यात.’’

‘‘कधी गेली?’’

‘‘झाली की वर्षं.’’

मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. ‘‘म्हंजे माझं दुकान चालावं म्हणून घेत होतीस व्हय? मी काय तुझ्या दारात झोळी पसरली होती? पदवीधर माणूस हाय मी चाची. दया नको मला कुणाची.’’

‘‘वरडू नको, शेजारी ऐकत्यात. बस खाली.’’ मी बसलो नाही. ‘‘तुज्या दुकानाचं मला काय पडलंय? आरं, मी रांडमुंड बाई, तू सडाफटिंग. हातात डबा न्हाय तर तुज्या पायरीवर काय म्हणून येऊन बसू मी? पेठंतली लोकं विचारत्यात की, ही म्हातारी बसमधनं उतरून रोज कशाला येतीया? डबा असला की कोन विचारत न्हाय. पीठ न्यायला आली म्हणत्यात.’’

मी खाली बसलो.

मग तिनंच विचारलं, ‘‘आन् तू रं? एका डब्यापायी एवढा दगड कशाला फिरवतोस? केटरर मागतोय म्हणालतास.’’

‘‘तुझ्या घरची सहा माणसं उपाशी राहतील म्हणून.’’

चाची हसायला लागली. हसताना पाय हलला, ‘या अल्ला’ म्हणून कळवळली, आणि परत हसली. मलाही हसू आवरेना. खिडकीतून रंकाळ्याकडचा वारा येत होता. खालून तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आला, पाठोपाठ वास.

वॉचमनची बायको ताट घेऊन वर आली. डोसा, शेंगदाण्याची चटणी. ‘‘पावण्यांना गरम गरम आणलंय,’’ म्हणाली आणि गेली. आई गेल्यानंतर दुसऱ्याच्या हातचा, तव्यावरून थेट ताटात आलेला तो पहिला डोसा. अक्कांचा आला होता तोही पोचेपर्यंत गार झाला होता. चाची माझ्याकडं बघत बसली होती.

‘‘कसा झालाय?’’

‘‘मीठ जरा कमी हाय.’’

‘‘असंल. मला काय ठावं? मी कुठं खाल्लाय.’’

मी खाऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘‘वीक तो ग्राइंडर. खांदा बघ तुजा. मी काय पीठ खात न्हाय, तुला काय त्याचा उपेग न्हाय.’’ मी हो म्हणालो. पायऱ्या उतरताना माझ्या ध्यानात आलं, की ग्राइंडर विकायचं आम्ही दोघांनी ठरवलं, आणि नंतरचं काहीच बोललो नाही.

शिरोळहून टेम्पो आला. केटररनं आधी दगडावर हळदकुंकू वाहिलं, मग दोघा गड्यांनी उचलला. जाताना त्यानं विचारलं, ‘‘डबा बंद झाला शेवटी?’’ मी म्हटलं, ‘‘झाला.’’ त्याला वाटलं, गिऱ्हाईक वारलं. तो जरा थांबला, टोपी काढून हातात धरली, आणि मीही त्याला काही समजावलं नाही.

त्या आठवड्यात मी मिक्सरवर एका माणसाचं पीठ वाटून बघितलं. वाटीभर. हातानं कालवलं, दुलईत गुंडाळून ठेवलं. सकाळी जसंच्या तसं, खाली पाणी सुटलेलं. सगळं माहीत असून केलं होतं. पातळ करून घावनं घातली, जाळी पडली, खाल्ली. संध्याकाळ मात्र कशी घालवायची ते कळेना. हात धुवून बसलो की पुन्हा धुवावेसे वाटत. वाटायचं काही नाही, भिजवायचं काही नाही. बसचा आवाज आला की दाराकडं बघायचं तेवढं राहिलं.

घटस्थापनेच्या आधी एका संध्याकाळी बस थांबली आणि चाची उतरली. जरा लंगडत होती. हातात पिशवी. समोरच्या पानपट्टीवाल्यानं मान वर करून बघितलं, पिशवीतली कडी बघितली, आणि परत पानाला चुना लावायला लागला.

चाची पायरीवर बसली. धाप जाऊ दिली. मग डबा काढून पुढं केला.

मी विचारलं, ‘‘किती?’’

‘‘सहा माणसांचं.’’

डबा घेऊन आत गेलो. ग्राइंडर होता तिथं फरशीवर गोल डाग राहिलाय, धुवून जात नाही. त्याच्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. पिठाला लागतो तेवढा वेळ. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं, कडी बसवली आणि बाहेर आणून तिच्या हातात दिला.

तिनं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

‘‘अर्धाच भरलायस की रं,’’ चाची म्हणाली.

मी चहा टाकायला आत गेलो.